पापुद्रा

माझ्या कॅमेऱ्यातल्या आरशावर माझ्याच अंगठ्याचा ठसा आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला एका तालमीत, कुस्तीच्या हौदाच्या कडेला बसून लेन्स बदलत होतो. आरशावर लाल मातीचा एक कण दिसला आणि चष्मा पुसायच्या सवयीनं अंगठा आत गेला. कण निघाला, त्याच्या जागी घामाच्या रेघा आल्या. त्याला आता सात-आठ वर्षं झाली. रेघा तिथंच आहेत.

पुसायची सोय नाही, कारण हा आरसा काचेचा नाहीच. पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म चौकटीवर डफाच्या कातड्यासारखी ताणून बसवलेली असते. तिच्यावर एक विरळ लेप. समोरून आलेल्या उजेडातला काही भाग तो परतवतो आणि उरलेला पलीकडं जाऊ देतो. बोटानं दाबलं तर ताण बिघडतो, कापसानं घासलं तर लेप जातो. अशा आरशाला पेलिकल म्हणतात. लॅटिनमधला मूळ अर्थ आहे बारीकशी कातडी. आमच्या घरात त्याला पापुद्रा हे नाव पडलं, ते आईमुळं. ज्वारीची भाकरी टम्म फुगली की वरचा पदर सुटतो, तसलंच काहीतरी माझ्या कॅमेऱ्यात आहे एवढं तिला कळलं होतं. "मग त्याला कशाला हात लावलास?" हे तिचं पुढचं वाक्य.

गंमत म्हणजे फोटोत हा ठसा एकदाही दिसलेला नाही. आरसा सेन्सरच्या इतका पुढं असतो की त्याच्यावरची कुसळं फोकसमध्ये येतच नाहीत. फक्त समोर दिवा आला की चित्रावर दुधाची साय धरल्यासारखं होतं, काळं पुरतं काळं राहत नाही.

इतकी नाजूक वस्तू कॅमेऱ्याच्या पोटात ठेवायची कुणाला काय गरज पडली होती, हे सांगायचं तर खासबागेत जावं लागेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामाचा थोरला मुलगा तेव्हा तालमीत राहायला होता आणि खासबागेत त्याची कुस्ती लागली होती. मी शिवाजी पेठेतल्या एका स्टुडिओत संध्याकाळी उमेदवारी करायचो. स्टुडिओवाल्या अण्णांनी त्यांचा एसएलआर कॅमेरा आणि एक मोठी लेन्स मला त्या दिवसापुरती दिली, वर "पाडलास तर मीही तुला पाडीन" हा आशीर्वाद. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं हे मैदान म्हणजे मातीत खोदलेली परात. कडेला, वर, मागं, कुठंही बसा, मधला हौद दिसतोच. मी तर पार पुढं, खाली बसलेलो.

दोघं बराच वेळ नुसते खडाखडी करत होते. मग थोरल्याचा खांदा वळला, मी बटण दाबलं, आणि माझ्यापुढं अंधार झाला. क्षणभरच. त्या क्षणात हजारो लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. उजेड परत आला तेव्हा समोरचा पैलवान पाठीवर होता आणि थोरला त्याच्या छातीवर.

रोल धुतल्यावर फोटो निघाला तो असा, की अण्णांनी स्वतःच्या खर्चानं मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. प्रतिस्पर्धी हवेत, दोन्ही पाय आभाळाकडं, थोरल्याच्या मानेची शीर न् शीर मोजून घ्यावी. ढाक हा डाव असा बसलेला, की वस्तादांनी तो नव्या पोरांना दाखवायला मागून नेला. पुढं कितीतरी वर्षं लग्नात, बारशात, चहाच्या गाड्यावर थोरला मला विचारायचा, "तू तर फुटभरावर होतास. कसा बसला रे ढाक?" मीही रंगवून सांगायचो. सांगायचो ते सगळं फोटोत बघून. त्या दिवशी खासबागेत ती कुस्ती कुणी पाहिली नसेल, तर ती मी एकट्यानं.

यात माझी चूक नव्हती, कॅमेऱ्याचीही नव्हती. एसएलआरची रचनाच तशी असते. लेन्सच्या मागं ४५ अंशांत एक आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड तो वर पाठवतो, तिथून प्रिझममधून तो डोळ्यात येतो. म्हणून फोटोत जे येणार नेमकं तेच डोळ्याला दिसतं. पण फिल्म त्याच आरशाच्या मागं बसलेली. तिला उजेड द्यायचा तर आरशानं वाटेतून उठायला हवं. बटण दाबलं की तो फाटकन वर जातो, शटर उघडतं, मिटतं, आरसा खाली येतो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतंच उघडत असेल, पण आरशाची ही उठबस धरून अंधार साधारण एक दशांश सेकंदाचा होतो. तोही सुधारलेला. १९५४ च्या असाहीफ्लेक्स कॅमेऱ्यानं आपोआप खाली येणारा आरसा रुळवला. त्याआधीच्या बहुतेक एसएलआरमध्ये पुढच्या फोटोसाठी कॅमेरा भरेपर्यंत डोळ्यापुढं काळंच. म्हणजे १९५२ साली आमच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव हेलसिंकीत ब्राँझ जिंकत होते, तेव्हा तिथं कुणी एसएलआर लावून बसला असता तर त्यानं बटण दाबल्यानंतरचं काहीच पाहिलं नसतं.

एक दशांश सेकंद ऐकायला काहीच नाही. पण डाव बसतो तो त्यातच.

अण्णांना मी हे एकदा कबूल करून टाकलं. ते हसले नाहीत. कपाटातून त्यांचा जुना याशिका काढला, तो दोन डोळ्यांचा, वरून खाली बघायचा. वरच्या लेन्समधून माणूस बघतो, खालच्या लेन्समधून फिल्म बघते. दोघांचा संसार वेगळा, म्हणून अंधारही नाही आणि उजेडात वाटेकरीही नाही. "मग हाच वापरायचा की," मी म्हणालो. अण्णांनी टेबलावरची चहाची कपबशी जवळ ओढली, म्हणाले, बघ. वरून चित्र जुळवलं तर कपाचा कान नीट चौकटीत होता. फोटोत तो कापला गेला असता, कारण खालची लेन्स दीड-दोन इंच खालून बघत होती. लांबच्या वस्तूला हा फरक कळत नाही, जवळ आलं की कळतो. शिवाय वरच्या काचेत डावं-उजवं उलटं. पैलवान डावीकडं सरकला की आपण कॅमेरा नेमका विरुद्ध बाजूला नेतो.

म्हणजे एकतर डोळ्यानं थोडं वेगळ्या जागेवरून बघायचं, नाहीतर त्याच जागेवरून बघायचं आणि ऐनवेळी डोळे मिटून घ्यायचे. तिसरा मार्ग असेल असं मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

तो १९६५ सालीच निघाला होता. कॅनननं पेलिक्स नावाचा एसएलआर काढला, त्यात आरसा हलतच नव्हता. आरशाच्या जागी ०.०२ मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा पापुद्रा, आपल्या डोक्याच्या केसाहून कितीतरी पातळ. सुमारे दोन तृतीयांश उजेड त्याच्यातून आरपार फिल्मकडं, उरलेला वर डोळ्याकडं. शटर उघडं असतानाही डोळ्यापुढचं चित्र चालूच. पातळ ठेवण्यामागं कारण होतं. जाड काच तिरकी ठेवली की तिच्यातून जाणारा उजेड सरकतो, चित्र बिघडतं, आणि पुढच्या-मागच्या दोन पृष्ठभागांवरून दोन प्रतिबिंबं उठतात. खिडकीच्या काचेत रात्री स्वतःचा चेहरा दुहेरी दिसतो तसं. पापुद्रा इतका पातळ केला की ही दोन प्रतिबिंबं एकमेकांवर पडतात आणि डोळा फसतो. आरसा उठायचा नाही म्हटल्यावर मागची जागाही मोकळी मिळाली. कॅनननं फक्त याच कॅमेऱ्यासाठी ३८ मिलिमीटरची एक लेन्स काढली, तिचं बूड इतकं आत शिरायचं की हलत्या आरशाच्या कॅमेऱ्यात ती बसवलीच असती तर आरसा तिच्यावर आपटला असता.

आता हिशोबाची दुसरी बाजू. फिल्मला एक तृतीयांश उजेड कमी, म्हणजे अर्ध्या स्टॉपहून थोडं जास्त नुकसान. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी. आणि डोळ्याला? त्याला तर एक तृतीयांशच मिळाला, म्हणजे साध्या एसएलआरपेक्षा दीड स्टॉपहून जास्त अंधारं चित्र. त्या काळात फोकस हातानं करायचा. भर उन्हात ठीक, संध्याकाळी डोळे फाडून बघायचं. वाटणीत दोघंही भाऊ नाराज, असला प्रकार. पेलिक्स फार चालला नाही यात मला नवल वाटत नाही. पण कल्पना मेली नाही. जिथं वेग हवा तिथं ती परत परत उगवत राहिली, विशेषतः खेळांच्या फोटोंसाठी. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी कॅनननं स्थिर आरशाचा असा कॅमेरा तयार केला जो सेकंदाला १४ फोटो काढायचा. त्या काळचा हलता आरसा त्या वेगानं उठबस करायला गेला असता तर थरथरून मेला असता. १९८९ च्या कॅनन ईओएस आरटीमध्ये बटण दाबल्यापासून ०.००८ सेकंदात शटर उघडायचं, कारण आरशाची वाट बघायची नव्हती.

अण्णांना पेलिक्सबद्दल मी कुठंतरी वाचून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा कुणी उसाच्या रसात पाणी घातल्यासारखा झाला. "डोळ्याला दाखवायचं म्हणून फिल्मच्या ताटातलं काढायचं? फोटो कुणाला हवाय, तुला का फिल्मला?" त्यांचं म्हणणं पक्कं होतं. बटण दाबायच्या आधी बघायचं. दाबताना काय दिसतंय याला किंमत नाही, कारण दिसलं म्हणजे ते होऊन गेलं. यावर मला बोलता आलं नाही. वस्तादही पोरांना हेच सांगायचे, डाव दिसल्यावर तोडायला गेलास तर उशीर झालेला असतो, खांदा वळतानाच कळायला हवं.

तरीही २०१० साली असे कॅमेरे पुन्हा बाजारात आले तेव्हा माझ्या मनात खासबागेतला तो काळा क्षण उठून बसला. सोनीनं त्या वर्षी ए३३ आणि ए५५ काढले, पुढं आणखी काही. यात आरशाचं काम बदललेलं होतं. डोळ्याला आता छोटा पडदा दाखवायचा, सेन्सरवरचं चित्र थेट. आरसा जो साधारण ३० टक्के उजेड वर पाठवतो तो डोळ्यासाठी नाही, ऑटोफोकसच्या यंत्रासाठी. त्या यंत्राला अखंड उजेड मिळाल्यामुळं पळत्या माणसावरचा फोकस शटर उघडत असतानाही सुटत नाही. माझ्याकडं या पद्धतीचा एक वापरलेला कॅमेरा आला. घेताना अण्णांना विचारलं नाही.

एक गोष्ट इथं सांगून टाकतो, नाहीतर वाटेल की साधे कॅमेरे फार सोवळे. ऑटोफोकसच्या एसएलआरमध्येही मुख्य आरशाचा मधला भाग थोडा पारदर्शक असतोच. त्या खिडकीतून उजेड मागच्या लहान आरशावर आणि तिथून खाली फोकसच्या सेन्सरकडं जातो. हे मला रंकाळ्यावर कळलं. पाण्याची चकाकी मारायला मी स्वस्तातला, साधा ध्रुवण फिल्टर आणला होता. फोकस नुसता मागं-पुढं हुडकत बसला. अर्धपारदर्शक आरसा कोणत्या दिशेनं कंप पावणारा उजेड किती परतवायचा यात भेदभाव करतो, म्हणून असल्या कॅमेऱ्यांना गोल ध्रुवणाचा फिल्टर लागतो. दुप्पट महाग. फरक इतकाच, की साधा एसएलआर ही चोरी डोळ्याच्या वाट्यातून करतो. फोटोच्या क्षणी दोन्ही आरसे उठतात आणि सेन्सरला ताट भरून मिळतं. माझ्या पापुद्र्याचं तसं नाही, तो प्रत्येक फोटोत आपला हिस्सा घेतो.

मामाला हे सगळं एका वाक्यात कळलं, आणि तेही उसाच्या बांधावर, रात्री. दिवसा लाइट नव्हती, त्यामुळं मोटर रात्री चालवायची होती, आणि मी दारं धरायला त्याच्या सोबत गेलो होतो. गळ्यात कॅमेरा बघून त्यानं विचारलं, ह्यात नवीन काय? मी सांगत गेलो. तो फावड्यानं एक दारं मोडून दुसरं बांधत ऐकत होता.

"म्हंजे जुन्या कॅमेऱ्यात पाळी हुती. एकदा तुझी, एकदा फिलमची. आन् ह्यात पाट फोडलाय."

"बरोबर."

"पाळीत पाणी पुरं मिळतंय, पर आपली पाळी नसताना रान कोरडं. पाट फोडला की दोघांस्नी रोज मिळतंय, पर रोज कमी." थोडं थांबून म्हणाला, "पाणी किती हाय त्यावर हाय सगळं. नदी भरून चालली आसंल तर फोड की पाट, कोण इचारतंय."

तालमीत नदी भरून चाललेली नसते. पहाटे पाचला दोन दिवे, लाल मातीनं माखलेल्या भिंती, उजेड शोषून घेणारी माती आणि तेलानं चमकणारी अंगं. माझ्या हिशोबानं तिथं लेन्सचं तोंड एफ २.८ इतकं उघडून आणि उजेड टिपायची संवेदना, म्हणजे आयएसओ, १६०० ठेवून शटर सेकंदाच्या १२५ व्या भागावर येतं. हलता पैलवान धरायला पाचशेवा भाग हवा, म्हणजे आयएसओ ६४००. हे कागदावर. ७० टक्केच उजेड आत येत असला की एफ २.८ ची महागडी लेन्स एफ ३.३ च्या आसपासची, म्हणजे कमी उजेड घेणारी, होऊन बसते. लेन्ससाठी मोजलेल्या पैशातला काही भाग पापुद्र्यानं खाल्ला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि हे नुकसान सरळ दिसत नाही. पेलिक्सवाल्याला हातातल्या मीटरनं उजेड मोजून फोटो काढला तर कमी पडलेला उजेड निगेटिव्हवर दिसला असता. माझ्या कॅमेऱ्यात आयएसओचे आकडे आरसा जागेवर आहे असं धरूनच ठरवलेले. फोटो काळा येत नाही, अगदी हवा तितका उजळ येतो. फक्त तो उजळपणा आतून वाढवलेला असतो. घट दाण्यात जाते, म्हणजे चित्र रवाळ, ठिपक्या-ठिपक्यांचं होतं. साखर कमी पडली म्हणून खिरीत गूळ घातला, गोड झाली, पण रंग गेला, तसं. ६४०० ला काढलेल्या माझ्या फोटोत ९००० ला काढल्यासारखे दाणे. काही हौशी लोकांनी वैतागून आरसाच काढून फेकला आणि कॅमेरा तसाच वापरला. उजेड मिळाला, ऑटोफोकस गेला. मीही एकदा रात्री स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसलो होतो. बायकोनं दिवा बंद केला.

पापुद्र्याचा दुसरा गुण त्रिपुरारी पौर्णिमेला कळला. पंचगंगेच्या घाटावर पहाटे पणत्या लागतात, पायऱ्या, दीपमाळा, सगळं पाण्यात उतरतं. थंडीत बोटं आखडलेली, तरी दोन-अडीचशे फोटो काढले. घरी मोठ्या पडद्यावर बघितले तर दीपमाळेच्या ठळक दिव्यांच्या शेजारी एकेक फिका दिवा. प्रत्येक ज्योतीचं भूत. पाण्यातल्या प्रतिबिंबाशी त्याचा संबंध नव्हता, ते तर खाली वेगळं दिसत होतं. दोष कुणा कंपनीचा म्हणता येत नाही. दोन पृष्ठभाग असलेली कुठलीही आरपार वस्तू उजेडाच्या वाटेत तिरकी ठेवा, थोडा उजेड आत दोनदा आपटून शेजारी उतरणारच. दिवसा तो लपून जातो, काळ्या रात्रीत एकटा दिवा असला की उघडा पडतो. आईला मात्र ते फोटो फार आवडले. तिला वाटलं, यंदा पणत्या जास्त लावल्यात.

खरी कॉर्नरवरून जाताना तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ बघितला की मला नेहमी वाटतं, हा वाटणीचा प्रश्न या गावाला नवा नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यानं इथं चित्रपट सुरू केले. त्या पिढीच्या छायाचित्रकारांसमोर हाच पेच होता, चालू कॅमेऱ्यात आत काय उमटतंय ते कसं बघायचं? त्या काळच्या काही चित्रपट-कॅमेऱ्यांत फिल्मच्या पाठीमागून, फिल्ममधूनच बघायची सोय असायची. फिल्म हाच पापुद्रा. सगळ्यात चतुर तोड १९३७ साली जर्मनीत निघाली, अॅरिफ्लेक्स ३५ मध्ये. चित्रपटात सेकंदाला २४ वेळा फिल्म पुढं सरकते आणि ती सरकताना तिच्यावर पडदा धरावाच लागतो, तेवढा वेळ उजेड वायाच जाणार. त्यांनी त्या फिरत्या पडद्यावरच आरसा बसवला. फिल्मचा वेळ नसतो तेव्हा उजेड डोळ्याकडं. वाया जाणारं पाणीच शेजारच्या रानाला दिलं म्हणा, मामाच्या भाषेत. कुणाचं काही कमी झालं नाही. पण नीट विचार केला तर कॅमेरामनला जे दिसतं ते आणि फिल्मला जे दिसतं ते कधीच एक नसतं. दोघं आळीपाळीनं बघतात. माझ्या खासबागेचे चोवीस तुकडे.

अंबाबाईच्या किरणोत्सवाला मी कॅमेरा नेत नाही, नेता येतही नाही. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा करत गाभाऱ्याकडं सरकतात. पहिल्या दिवशी पाय, मग वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असं ठरलेलं. पण दरवर्षी ठरल्यासारखं होतंच असं नाही. पश्चिमेला ढग, वाटेतल्या इमारती, हवेतली धूळ, आर्द्रता, सगळ्यांचा हिस्सा जातो. टप्प्याटप्प्यावर उजेड लक्समध्ये मोजणारी माणसं असतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आकडे येतात. मी ते आकडे कुणी क्रिकेटचा स्कोअर वाचावा तसे वाचतो. किरण पितळी उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिथंच विझलं असं वाचलं की दिवसभर चुटपुट लागते.

असो. थोरल्याचा मुलगा तालमीत दाखल झाला त्याला पाच वर्षं होतील. बापासारखाच आडदांड, पण ढाक त्याला जमत नाही. त्याचा हात कलाजंग या डावावर. मागच्या हिवाळ्यात एका पहाटे त्याची लढत चालली होती. मी हौदाच्या कडेला, पोटावर जवळपास आडवा. सलग फोटोंची सोय वापरायची नाही हे मी अनुभवानं ठरवलेलं आहे. सलग घेतले की माझ्या कॅमेऱ्याचा पडदा चालू दृश्य दाखवायचं सोडून नुकताच काढलेला फोटो दाखवतो, म्हणजे आरसा स्थिर ठेवूनही आपण भूतकाळच बघत बसतो. मग इतका खटाटोप कशाला केला? म्हणून एकेकच.

पोराची मान समोरच्याच्या काखेखाली गेली. उजवा गुडघा मातीत रुतला. एक हात जांघेत. मी दाबलं. अंधार झाला तो डोळा लवण्याइतकाच. मला दिसलं, त्याचा डावा पाय घसरला, बोटभर, मातीनं त्याला धरलं, आणि त्या घसरण्याचाच धक्का घेऊन तो उठला. समोरचा त्याच्या खांद्यावरून एखाद्या पोत्यासारखा गेला. तोंडातून माझ्या काहीतरी निघालं असावं, कारण वस्तादांनी माझ्याकडं रागानं बघितलं. तालमीत आवाज करायचा नसतो.

फोटो घरी उघडला. दाणेच दाणे. कातडीवर दाणे, भिंतीवर दाणे, पोराच्या केसात तर काय माती आणि काय कॅमेऱ्याचं ते सांगता येईना. थोरल्याच्या खासबागेतल्या त्या फोटोतली मानेची शीर इथं कुठं शोधायची? आजच्या कुठल्याही नव्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यानं यापेक्षा बरा काढला असता हेही मला माहीत आहे. २०१७ च्या सोनी ए९ पासून सेन्सर इतक्या वेगानं वाचला जातो की अंधारही नाही आणि वाटेत पापुद्राही नाही. पाण्याची वाटणी करायची गरजच उरली नाही. स्थिर आरशाची ती अख्खी जात २०२१ पर्यंत बाजारातून गेली. माझा कॅमेरा दुरुस्त करायला न्यावा तर समोरचा माणूस आधी त्याचं वय विचारतो.

तरी फोटो मोठा करून घेतला. अण्णा आता फारसे बाहेर पडत नाहीत, त्यांना घरी नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर सारून, फोटो नाकाला लावून बघितला. "दाणा आलाय," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, "पाय घसरला होता का त्याचा?" फोटोत पाय मातीआड आहे. ते त्यांना कशावरून दिसलं हे मी विचारायला हवं होतं.

फोटो काचेच्या चौकटीत घालून तालमीत लावलाय, शाहू महाराजांच्या तसबिरीच्या खालच्या ओळीत. परवा थोरला आला होता. पोटापुढं हात बांधून चौकटीसमोर उभा राहिला आणि मान न वळवता त्यानं विचारलं, "कसा बसला रे?"

मी सांगायला लागलो. मान कशी गेली, गुडघा कुठं टेकला, डावा पाय कसा बोटभर सरकला. तो ऐकत ऐकत डावीकडं दोन पावलं सरकला. चौकटीच्या काचेत समोरच्या ट्यूबचा उजेड पोराच्या तोंडावर येत होता, तिथून दिसत नव्हतं.